पान एकशे बारा

बावीस वर्षं मी चादरींच्या कारखान्यात
जॅकार्डचे पुठ्ठे ठोकले.
जिथं भोक, तिथं धागा उचलतो.
जिथं नाही, तिथं नाही.
एक भोक चुकलं की मोराची चोच शेपटाला येते
आणि पाचशे चादरी तसल्याच निघतात.
म्हणून मालकांनी बास्केटबॉलची टीम काढली
तेव्हा वही माझ्याकडं दिली.
"कोंड्याल, तुमचा हात हलत नाही."

टीमचं नाव धोटे. सोलापूर धोटे.
पगारी पोरं, निळे बनियन, पाठीवर नंबर.
कोर्ट गिरणीमागं, सिमेंटचं,
एप्रिलातल्या दुपारी भाकरी भाजून निघेल असं,
म्हणून सामने रात्री आठनंतर.

पहिल्या वर्षी आठांत आठवे. प्लेऑफला नागपूर,
त्यांच्याच घरी. एकतीसनं हरलो.
परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही,
बिराजदारच्या आईनं बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या
तेवढ्या मोडत होत्या.
दुसऱ्या वर्षाची नऊ पानं कोरी.
बोनसवरून संप, निम्मी टीम गेटवर बसलेली.
तिसऱ्या वर्षी नाशिकला दोनदा पाडलं.
रेवणसिद्ध हत्तुरेनं एका रात्रीत तेवीस रिबाऊंड घेतले,
पान एकशे चार, अजून कुणी पाहायला मागितलेलं नाही.

मग सेमीफायनल. कोल्हापूर. आपलं कोर्ट.
गॅलरी कसली, लोक कंपाउंडवर, पाण्याच्या टँकरवर,
बॉयलरच्या शिडीवर लोंबकळत,
"मार की बे, बघतोस काय!"
अश्पाक नदाफ, नंबर अकरा,
बाप त्याचा टॉवेलचे गठ्ठे बांधायचा आमच्यातच.
त्या रात्री मी आकडे मांडतच नव्हतो,
पुठ्ठा आपोआप पुढं सरकत होता.
चौदा. बावीस. एकतीस. चाळीस.
सेहेचाळीस.

आम्ही अठ्ठ्याहत्तर, ते एकोणऐंशी, चार सेकंद.
नदाफ उडाला, बॉल सुटला,
आणि लाईट गेली.

जाळी आमच्याच सुताची होती, पूर्व भागात विणलेली.
तिचा आवाज मला माहीत आहे,
ओली चादर झटकावी तसा.
तो आला.

वीस मिनिटांनी लाईट आली तेव्हा
बॉल भिंतीपाशी पडला होता, कुणाचाच नसल्यासारखा.
पंच माझ्या टेबलाशी आले.
"स्कोअरर, तुम्ही पाहिलंत?"
नाही पाहिलं, म्हणालो.
ऐकलंत का, असं कुणी विचारलं नाही.
रकान्याच्या बाहेर, कडेला,
मी पेन्सिलीचा एक ठिपका दिला.
एवढंच.

पुढच्या साली लीगच बंद पडली.
मालकांनी माग विकले, पुठ्ठ्यांचं काम कॉम्प्युटरवर गेलं,
वही टीव्हीच्या खाली राहिली.

परवा मंगळवारी नदाफ आला.
दाढी पांढरी, गुडघ्याला पट्टा, रिक्षा बाहेर लावलेली.
"पोरीला दाखवायचंय की ओ. खरं वाटंना तिला."
पान काढून दिलं.
त्यानं आपल्या ओळीवरून बोट फिरवलं, सावकाश,
आणि कडेला थांबलं ते.
"हा काय डाग? शेंगाचटणीचा?"

माझा हात हलत नाही म्हणतात.
"हो," म्हणालो.

त्यानं मोबाईलवर फोटो घेतला,
कड कापून टाकली,
सेहेचाळीस तेवढे ठेवले.
तेवढ्यात नळ सुरू झाला, चार दिवसांनी.
मी उठायला लागलो तर म्हणाला,
बसा, घागर मी धरतो.
उंच माणूस. मोरीच्या दाराखालून जाताना
अजून तसाच वाकतो,
आधी मान, मग खांदे.